पक्क्या लायसन्सची ड्रायव्हिंग टेस्ट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली एकवीस वर्षं मी साताऱ्यात गाडी शिकवते. आधी नवऱ्याच्या जोडीनं शिकवायचे, आता एकटी शिकवते. क्लासला येणाऱ्यांत निम्म्याहून जास्त बायका असतात. काही कॉलेजातल्या मुली, काही पन्नाशीच्या गृहिणी. संध्याकाळी सातनंतर फोन सुरू होतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून एकदा बसून सगळे लिहून काढले. कायदा आणि नियम देशभर एकच आहेत. मैदान मात्र प्रत्येक आरटीओचं वेगळं असतं, तेव्हा तुमच्या गावचं मैदान परीक्षेआधी एकदा बघून या.

कच्चं लायसन्स हातात आलं. पक्क्याची परीक्षा कधी देता येईल?

लर्निंग लायसन्स निघाल्यापासून ३० दिवस पूर्ण व्हावे लागतात. त्याआधी परीक्षेला उभं राहता येत नाही. आणि लर्निंगची मुदत असते सहा महिने. ती संपली की सगळं पहिल्यापासून: नवा अर्ज, नवी फी, पुन्हा ३० दिवस थांबणं.

बरेच जण पाचव्या महिन्यात जागे होतात. मग परिवहनच्या सारथी संकेतस्थळावर तारीख शोधायला जातात, तर जवळची तारीख मिळत नाही. मिळाली आणि नापास झालात, तर पुढच्या प्रयत्नाला मध्ये सात दिवस जावे लागतात. म्हणून माझं सांगणं असं, की दुसऱ्या महिन्याच्या शेवटी किंवा तिसऱ्याच्या सुरुवातीला तारीख घ्या. तीस दिवस भरले त्याच दिवशी घाईनं जाऊ नका. आणि दिवाळीनंतर बघू, लग्नसराई उरकू दे, असंही करू नका.

लर्निंगची परीक्षा घरी बसून दिली आणि उत्तरं भावानं सांगितली. पुढे काही अडचण येईल का?

महाराष्ट्रात जून २०२१ पासून आधारच्या आधारे ही परीक्षा घरून देता येते. सोय फार चांगली आहे. तालुक्याच्या गावाहून एका कामासाठी दिवस मोडून येणाऱ्या लोकांना तिचा केवढा आधार झाला आहे, ते मी बघते. पण तिची दुसरी बाजूही रोज माझ्या शेजारच्या सीटवर बसते. पोवई नाक्याकडे निघालेल्या मुलीला मी विचारते, 'समोरच्या पाटीचा अर्थ काय?' आणि ती गप्प.

भावानं दिलेली उत्तरं तुमच्या कामाची नाहीत. परीक्षा घेणारे निरीक्षक एखादी पाटी विचारू शकतात, आणि रस्ता तर रोजच विचारतो. शिवाय हे फार अवघड नाही, एका संध्याकाळचं काम आहे. गोल पाटी म्हणजे आज्ञा, ती पाळायचीच. त्रिकोणी पाटी म्हणजे पुढे धोका आहे, सावध. चौकोनी पाटी म्हणजे माहिती. दोन पाट्या मुद्दाम वेगळ्या आकाराच्या केलेल्या आहेत: 'थांबा'ची आठ कोनांची आणि 'रस्ता द्या'ची उलट्या त्रिकोणाची. धूळ बसली, रंग उडाला, तरी नुसत्या आकारावरून ओळखता याव्यात म्हणून.

आणखी एक पक्कं करा. सिग्नल किंवा पोलीस नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. गोल चौकात जो आधीच गोलात आहे त्याचा हक्क पहिला. चालवता येणाऱ्या दहा जणांना विचारा, आठ जण 'ज्याची गाडी मोठी तो आधी' असंच सांगतील.

परीक्षेत नेमकं काय बघतात?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ हे पुस्तक आहे, त्यातला नियम १५ हा आपल्या परीक्षेचा अभ्यासक्रम समजा. त्यातली यादी लांब आहे, आणि वाचली तर लक्षात येतं की ती शहाण्या माणसानं केलेली आहे. आरसा नीट लावणं. इंजिन सुरू करण्याआधीची काळजी. सुरक्षितपणे निघणं आणि एकेक करत वरच्या गिअरपर्यंत जाणं. गर्दी आली की चटकन खालच्या गिअरवर येणं, उतारावरही तेच. उभ्या चढावर थांबून, मागे न सरकता पुन्हा निघणं. डावीकडे-उजवीकडे वळणं, ओव्हरटेक करणं आणि दुसऱ्याला करू देणं. लेन बदलणं, इशारे देणं, अचानक थांबावं लागलं तर थांबणं. रिव्हर्स घेणं आणि अरुंद जागेत गाडी मागे घालणं. पुढे-मागे करून गाडीचं तोंड उलट दिशेला वळवणं. पादचारी पट्ट्यापाशी माणसांना वाट देणं. आणि एरवी डाव्या बाजूनं चालवणं.

हे सगळं प्रत्येक ठिकाणी तपासतात का? नाही. काही कार्यालयांत मैदानावर एक फेरी आणि थोडं रिव्हर्स, काही ठिकाणी शेजारच्या रस्त्यावर चक्कर. पुण्यात मोटारीची परीक्षा नाशिक फाट्याजवळ भोसरीच्या आयडीटीआर या चालक प्रशिक्षण संस्थेच्या ट्रॅकवर होते, तिथे कॅमेरे आणि सेन्सर आहेत. तुमचं चाक रेषेला लागलं की नोंद झाली, तिथे 'साहेब, जरा' चालत नाही. जिथे परीक्षा छोटी असते तिथले लोक खूश होतात. मला त्यांची काळजी वाटते, कारण यादीतलं जे तपासलं गेलं नाही ते घाटात समोर येणारच आहे.

मैदान छोटं असो की मोठं, तीन गोष्टी निरीक्षक पहिल्या अर्ध्या मिनिटात बघतात. सीट-आरसे लावून बेल्ट बांधलात का, निघण्याआधी इंडिकेटर देऊन मागे पाहिलंत का, आणि गाडी गचका न देता हलली का.

क्लासच्या गाडीवर छान जमतं, पण परीक्षेत गाडी बंद पडते. असं का होतं?

हा प्रश्न मला सगळ्यात जिव्हाळ्याचा आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

क्लासच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी जास्तीचे पॅडल असतात, ब्रेकचं आणि बऱ्याचदा क्लचचंही. ते हवेतच, त्याशिवाय नवख्या माणसाला रस्त्यावर नेता येणार नाही. पण त्यांचा एक दोष आहे. गाडी बंद पडायच्या आत शिकवणाऱ्याचा पाय आपोआप क्लचवर जातो. तुम्हाला वाटतं, आपण सांभाळली. प्रत्यक्षात सांभाळली शेजारच्यानं. वीस दिवस असं चालतं. एकविसाव्या दिवशी त्या सीटवर निरीक्षक येऊन बसतात, त्यांचे पाय जमिनीवर, आणि गाडी पहिल्याच वळणावर बंद. घरी जाऊन मुलगी रडते, 'मला घाबरायला झालं'. भीती असतेच, पण खरं कारण भीती नसतं. क्लच कुठे पकडतो हे तिच्या पायाला कधी कळलेलंच नसतं.

सुरुवातीची काही वर्षं मीही हेच करत होते. पाठोपाठ तीन हुशार बायका एकाच आठवड्यात नापास झाल्या, तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्यांच्या वाटची गाडी मी चालवत होते. तेव्हापासून शेवटचे आठ-दहा दिवस मी पाय मागे घेऊन, सीटखाली आडवे ठेवून बसते आणि शिकणाऱ्याला ते दाखवते. गाडी बंद पडली तर पडू दे. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू दे. तुमच्या सरांना किंवा मॅडमना स्पष्ट सांगा, 'आता पाय काढा.' पैसे भरून शिकताय, हे मागण्याचा तुम्हाला हक्क आहे.

आणि हा सराव करा. मोकळी, सपाट जागा. ॲक्सिलरेटरला पायच लावायचा नाही. पहिला गिअर टाकून क्लच इतक्या सावकाश सोडायचा, की एका जागी इंजिनचा आवाज खाली येतो आणि गाडी किंचित थरथरते. तिथे पाय थांबवा. हाच हाफ क्लच. गाडी मुंगीच्या पावलानं पुढे निघेल. चार हात गेली की क्लच दाबून ब्रेक, पुन्हा तेच. अर्ध्या तासात पन्नास वेळा होतं. कंटाळवाणं आहे, पण माझ्या अनुभवात परीक्षेतली अर्धी भीती इथेच जाते. चढ, रिव्हर्स, पार्किंग, गर्दी या सगळ्याला लागतो तो हाच पाय. गाडी बदलली की ही जागा बदलते. म्हणून ज्या गाडीवर परीक्षा द्यायची, तिच्यावर निदान तीन-चार दिवस बसा.

बंद पडलीच, तर? एकदा बंद पडली म्हणून लगेच नापास करत नाहीत, असं मी वर्षानुवर्षं बघते आहे. त्यानंतर जी धांदल होते, त्यानं नापास होतात. क्लच दाबा, ब्रेक दाबा, गिअर न्यूट्रल करा, चावी फिरवा, आरसा बघा, निघा. मनात म्हणत करा.

चढावर गाडी मागे सरकते. काय करू?

साताऱ्यात राहून हे टाळता येत नाही. समर्थ मंदिराकडून बोगद्याकडे निघालात की चढच आहे. थांबल्यावर हँडब्रेक पूर्ण ओढा आणि ब्रेकवरचा पाय मोकळा करा. पहिला गिअर. क्लच हळू सोडत त्या पकडणाऱ्या जागेवर आणा. गाडीचं नाक किंचित वर उचललं जातं, आवाज जड होतो. आता थोडा ॲक्सिलरेटर, आणि मग हँडब्रेक खाली. नाक उचलायच्या आधी हँडब्रेक सोडला की गाडी मागे आलीच.

काही शिकवणारे हँडब्रेकशिवाय, नुसत्या पायांच्या चपळाईवर निघायला शिकवतात. पुढे तुम्हाला तेही येईल. परीक्षेला हँडब्रेकच वापरा. नियमातच त्याचा उल्लेख आहे, तेव्हा तो वापरणं म्हणजे कमी येणं नव्हे.

रिव्हर्सला स्टिअरिंग कुठे फिरवायचं, तेच कळत नाही.

एकच गोष्ट ध्यानात ठेवा: गाडीचं मागचं टोक ज्या बाजूला न्यायचं आहे, त्याच बाजूला स्टिअरिंग. डावीकडे मागे जायचंय, तर डावीकडे. उलटसुलट काही नाही. गोंधळ होतो तो वेगामुळे. गाडी भराभर मागे जाते, हात घाईनं पूर्ण फेरी मारतात, आणि मग तोंड भलतीकडेच. रिव्हर्सला सपाटीवर ॲक्सिलरेटर लागतच नाही, हाफ क्लचवर गाडी आपणहून सरकते. हात फिरवायला वेळ मिळेल इतकी ती सावकाश ठेवा.

एच आकाराचा ट्रॅक असेल तर आधी पायी एक फेरी मारा. कुठल्या खांबापाशी तुमचा आरसा आला की वळायचं, हे चालताना जास्त चांगलं कळतं. घरी सराव करायचा तर चार विटा किंवा पाण्याच्या बाटल्या पुरतात. आणि मान वळवून मागच्या काचेतून बघा. नुसत्या आरशावर किंवा कॅमेऱ्याच्या पडद्यावर विसंबलात, तर शेजारून आलेलं लहान मूल दिसायचं नाही.

दुचाकीला आठचा आकडा काढताना पाय टेकला तर नापास का?

बहुतेक मैदानांवर हो, पाय टेकला की आठ मोडला. चूक होण्याचं कारण बहुधा एकच असतं, नजर पुढच्या चाकावर. नजर जिथे, गाडी तिथे. वळताना हनुवटी वळवून पुढच्या वळणाच्या टोकाकडे बघा, हँडल आपोआप त्या वाटेला जाईल.

गिअरची गाडी असेल तर पहिल्या गिअरमध्ये, क्लच अर्धा धरून, ॲक्सिलरेटर एका जागी स्थिर, आणि वेग कमी करायचा झाला तर मागचा ब्रेक अलगद. स्कूटरवर क्लच नसतो, म्हणून ॲक्सिलरेटर किंचित धरून ठेवून मागच्या ब्रेकनं वेग आवरायचा. हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबू नका, गाडी तिथेच आडवी होते. हेल्मेट घालून सराव करा. परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा घातलं की मान वळवताना जड वाटतं.

हाताचे इशारे अजून लागतात का?

इंडिकेटर आल्यापासून कोणी करत नाही, पण विचारतात, आणि बल्ब गेला असेल त्या दिवशी उपयोगीही पडतात. सगळे उजव्या हातानं. उजवीकडे वळायचं तर हात सरळ बाहेर आडवा, तळवा समोर. डावीकडे वळायचं तर हात बाहेर काढून घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेनं गोल फिरवायचा. वेग कमी करतोय, तर तळवा खाली करून हात वर-खाली. थांबतोय, तर कोपरापासून हात उभा वर, तळवा समोर. मागच्याला पुढे जाऊ द्यायचं असेल, तर आडवा हात मागून पुढे झुलवायचा. आरशासमोर पाच मिनिटं पुरतात.

परीक्षेला गाडी कुणाची न्यायची? काय काय बरोबर लागतं?

ज्या प्रकारचं लायसन्स मागताय, त्या प्रकारची गाडी. क्लासची चालते, घरचीही चालते. घरची असेल तर आरसी, विमा आणि पीयूसी चालू असल्याची खात्री आठवडाभर आधीच करा. पीयूसी कालच संपली म्हणून मैदानावरून परत गेलेले लोक मी पाहिले आहेत. मूळ लर्निंग लायसन्स, अर्जाची आणि फी भरल्याची प्रत, ओळखपत्र हे एका पिशवीत आदल्या रात्री ठेवा. वयाची चाळिशी उलटली असेल तर नोंदणीकृत डॉक्टरांचं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म १-ए, लागतं. चाळिशीच्या आतल्यांना स्वतःचं लेखी निवेदन पुरतं.

गाडीला पुढे आणि मागे लाल रंगातलं 'एल' हवं, पांढऱ्या पाटीवर. पाटी निदान १८ सेंटिमीटर चौरस आणि अक्षर निदान १० सेंटिमीटर उंच. खडूनं काढलेलं पुसट 'एल' चालणार नाही. आणि एक गोष्ट लोक विसरतात. तुमच्याकडे अजून लर्निंगच आहे, तेव्हा परीक्षेला मोटार एकट्यानं चालवत जाता येत नाही, शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस पाहिजे. दुचाकीवरही शिकवणारा सोडून दुसऱ्या कुणाला मागे बसवायची परवानगी नाही. मैत्रिणीला सोबत म्हणून मागे बसवून आरटीओच्या दारात जाल, तर दारातच चूक झाली.

पायात सपाट, घट्ट चप्पल किंवा बूट. साडी नेसणाऱ्यांनी त्याच चपलांवर आधी सराव करा. ड्रेसच बरा असं काही जणी सांगतात, पण मी नऊवारी नेसून पास झालेल्या मावशी बघितल्या आहेत. जे अंगवळणी पडलंय तेच घाला.

नापास झाले. आता?

सात दिवसांनी पुन्हा देता येते. परीक्षेची फी पुन्हा भरावी लागते, प्रत्येक वाहनप्रकाराला ३०० रुपये. तीनदा नापास झालात तर ६० दिवस थांबावं लागतं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यानं मान्यताप्राप्त ठिकाणी उजळणीचं प्रशिक्षणही घ्यावं लागतं.

नापास झाल्यावर मैदानातून तशाच निघून जाऊ नका. नेमकं कुठे चुकलं ते निरीक्षकांना नम्रपणे विचारा. बहुतेक जण सांगतात. 'इंडिकेटर दिला नाही' आणि 'मागे सरकली' या दोन चुकांचा सराव वेगवेगळा आहे, आणि ते न कळता पुढचे सात दिवस नुसतं गावभर फिरण्यात जातात. घरच्यांनीही जरा जपून बोलावं. 'तुला जमायचं नाही' हे वाक्य ऐकून गाडी सोडून दिलेल्या किती जणी सांगू! वर्षभरानं पुन्हा आल्या, तर चार दिवसांत जमलं.

ओळखीचा एजंट म्हणतो, परीक्षा न देता काम करून देतो. द्यावे का पैसे?

नाही. अर्ज भरायला कोणाची मदत घेतली, तर त्यात वावगं नाही. माझ्या क्लासमध्येही मोबाईल न वापरणाऱ्या बायकांचे अर्ज आम्ही भरून देतो. पण परीक्षा टाळण्यासाठी पैसे देणं ही लाच आहे, देणाऱ्याचाही गुन्हा. सरकारी फी मुळात थोडी आहे: लर्निंगचे प्रत्येक प्रकाराला १५०, त्याच्या परीक्षेचे ५०, ड्रायव्हिंग टेस्टचे प्रत्येक प्रकाराला ३००, लायसन्सचे २००. वर काही किरकोळ आकार. त्याच्या कित्येक पट मागणारा माणूस तुम्हाला काय विकतोय, याचा विचार करा. न शिकता गाडी रस्त्यावर आणायची मुभा. ती तुमच्या मुलाच्या शाळेसमोर दुसऱ्या कुणी विकत घेतली, तर तुम्हाला चालेल का?

प्रशिक्षण केंद्रातून शिकलं तर आरटीओची परीक्षा द्यावी लागत नाही, हे खरं का?

अर्धं खरं. १ जुलै २०२१ पासून 'मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्र' असा प्रकार आला आहे. तिथला अभ्यासक्रम पूर्ण करून तिथली परीक्षा पास झालात, तर आरटीओत पुन्हा परीक्षा नाही. पण त्या केंद्राला निदान एक-दोन एकर जागा, ट्रॅक, सिम्युलेटर अशा अटी आहेत, आणि मोटारीचा अभ्यासक्रम २९ तासांचा आहे, त्यातले २१ तास प्रत्यक्ष चालवण्याचे. गल्लीतला आमच्यासारखा क्लास म्हणजे ते केंद्र नव्हे. 'आमच्याकडे या, परीक्षा नाही' असं कोणी क्लासवाला म्हणाला, तर त्याच्याकडे त्या प्रकारची मान्यता आहे का ते विचारा. २०२४ च्या मे महिन्यात 'आता आरटीओची परीक्षाच बंद' अशा बातम्या मोबाईलवर फिरल्या होत्या. तेव्हा केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानं खुलासा केला, की नियम बदललेले नाहीत.

घरी ऑटोमॅटिक गाडी आहे. तिच्यावर परीक्षा दिली तर?

मोटारीच्या लायसन्सवर गिअरची आणि बिनगिअरची अशी वेगळी नोंद आपल्याकडे नसते, ती फक्त दुचाकीला असते. तुमच्या कार्यालयात ऑटोमॅटिकवर परीक्षा घेतात का, ते आधी विचारा. माझं मत मात्र गिअरच्या गाडीवरच शिका. रात्री-अपरात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं झालं, तर शेजाऱ्याची गाडी बहुधा गिअरचीच असते.

मुलगा १६ वर्षांचा आहे. स्कूटरचं लायसन्स मिळेल?

१६ व्या वर्षी मिळतं ते ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीचं. हल्लीच्या ११० सीसीच्या स्कूटर त्यात बसत नाहीत, त्यांना १८ पूर्ण हवीत. अल्पवयीन मुलानं विनापरवाना गाडी चालवली, तर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द आणि मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत लायसन्स नाही, अशी तरतूद आहे. दहावीच्या निकालाची भेट म्हणून चावी देऊ नका.

शिक्षणासाठी पुण्यात राहते, घर जळगावला. परीक्षा कुठे द्यायची?

२०१९ च्या दुरुस्तीनंतर राज्यातल्या कुठल्याही परवाना कार्यालयात अर्ज करता येतो. आणि जिथे रोज सराव करता, तिथेच परीक्षा देणं सोपं जातं.

मला काही रंग नीट ओळखता येत नाहीत. लायसन्स मिळेल?

सौम्य किंवा मध्यम स्वरूपाची रंगांधता असेल तर जून २०२० पासून मिळू शकतं. नेत्रतज्ज्ञांकडून तपासून घ्या. चष्मा असेल तर चष्मा लावूनच परीक्षेला बसा आणि सरावही चष्म्यातच करा.

लग्नाआधी लायसन्स काढलं होतं, मुदत संपून चार वर्षं झाली. नूतनीकरण होईल का?

मुदत संपून एक वर्षाच्या आत अर्ज केला असता, तर परीक्षा लागली नसती. आता पुन्हा टेस्ट द्यावी लागेल. वाईट वाटून घेऊ नका. इतक्या वर्षांनी हात बसवायला दहा दिवस तरी लागतात, ते या निमित्तानं होतील.

आईचं वय ५८ आहे. आता शिकून लायसन्स मिळेल का?

मिळेल. वरच्या वयाची मर्यादा नाही. फॉर्म १-ए लागेल, आणि पंचावन्न उलटल्यावर काढलेलं लायसन्स पाच वर्षांचं असतं, पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. तिशीच्या आत काढलेलं चाळिशीपर्यंत चालतं, तिशी ते पन्नाशीत काढलेलं दहा वर्षं, पन्नास ते पंचावन्नमध्ये काढलेलं साठीपर्यंत.

या वयाच्या बायका शिकायला जास्त दिवस घेतात, पण आरसा बघायला विसरत नाहीत. तीसऐवजी पंचेचाळीस दिवस धरा. सकाळी साडेसहाची वेळ घ्या, रस्ते रिकामे असतात. आणि पहिले काही दिवस मुलानं किंवा नवऱ्यानं मागच्या सीटवर बसू नये.